कानानं खेळायचा मोबाइल गेम: बनवायचा कसा आणि किंमत किती ठेवायची

क्रिकेटचा एक छोटा मोबाइल गेम मी तयार केला आणि पहिल्यांदा एका मित्राच्या हातात दिला. तो जन्मापासून अंध आहे, नाशिकला बँकेत नोकरी करतो आणि रोज बसमध्ये फोनवर पत्ते खेळतो. त्यानं अ‍ॅप उघडलं, बोट उजवीकडे सरकवलं. फोन म्हणाला, "बटन." पुन्हा सरकवलं. "बटन." तिसऱ्यांदाही "बटन." त्यानं फोन माझ्याकडे दिला आणि विचारलं, "यातलं खेळायचं बटन कुठलं?"

पडद्यावर 'खेळा', 'सराव', 'सेटिंग' असं ठळक अक्षरात होतं. पण ती अक्षरं चित्रात रंगवलेली होती, फोनला त्यातलं काहीच वाचता येत नव्हतं. चार महिन्यांचं काम पहिल्या पडद्यावरच अडलं. तो गेम मी बाजूला ठेवला आणि नव्यानं सुरुवात केली. त्या दुसऱ्या वेळेत जे शिकलो ते इथं क्रमानं देतो आहे. शेवटचा मोठा भाग किमतीचा आहे, कारण त्याबद्दल बोलायला लोक संकोचतात, आणि चांगले गेम बंद पडण्याचं एक मोठं कारण मला तिथंच दिसतं.

शब्दांबद्दल एक गोष्ट आधीच सांगतो. सरकारी कागदात 'दिव्यांग' आहे, पण मी ज्यांच्याबरोबर काम केलं ते स्वतःबद्दल बोलताना सरळ 'अंध' म्हणतात. म्हणून मीही तोच शब्द वापरतो.

आधी फोन कानानं वापरायला शिका

कोडची पहिली ओळ लिहिण्याआधी आठवडाभर रोज अर्धा तास स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवणारी फोनमधली सोय, चालू ठेवून फोन वापरा. अँड्रॉइडवर टॉकबॅक असतो, आयफोनवर व्हॉइसओव्हर. आयफोनमध्ये तो २००९ साली ३जीएस मॉडेलबरोबर आला आणि गुळगुळीत काचेचा फोन अंध माणसाच्याही उपयोगाचा झाला. मूळ रीत दोन्हीकडे सारखीच आहे. एक बोट उजवीकडे किंवा डावीकडे झटकलं की पुढची किंवा मागची गोष्ट वाचली जाते, आणि पडद्यावर कुठंही दोनदा टॅप केलं की ती दाबली जाते. बोट न उचलता फिरवलं तर बोटाखाली जे येईल ते ऐकू येतं.

हे करताना पडदा झाकून टाका. आयफोनवर व्हॉइसओव्हर चालू असताना तीन बोटांनी तीनदा टॅप केलं की पडदा काळा होतो. टॉकबॅकच्या मेनूतही पडदा लपवायची सोय आहे. पडदा दिसत असला की डोळा नकळत मदत करतो आणि आपल्याला वाटतं, सगळं नीट चाललं आहे.

मग इतरांचे गेम समजून घ्या. २०१० साली लंडनच्या समथिन एल्स कंपनीनं 'पापा सांग्रे' काढला. त्यात चित्र जवळजवळ नव्हतंच, हेडफोन लावून अंधारातून चालत जायचं. फ्रान्सच्या डोविनोचा 'अ ब्लाइंड लीजेंड' २०१५ चा. त्यातला नायक एक अंध सरदार आहे आणि त्याची लहान मुलगी लुईस त्याला वाट सांगते. 'इकडे या, बाबा' हे वाक्य ज्या बाजूनं ऐकू येतं तीच दिशा. म्हणजे वाट दाखवण्याचं काम गोष्टीतल्याच एका माणसाकडं दिलं, वेगळ्या सूचना द्याव्या लागल्या नाहीत. याच्या अगदी उलट टोकाला 'अ डार्क रूम' आहे. तो मजकुराचा खेळ आहे. आयफोनसाठी तो तयार करणाऱ्या अमीर राजन यांनी अंध खेळाडूंच्या मागणीनंतर त्यात व्हॉइसओव्हरची सोय नीट केली. एप्रिल २०१४ मध्ये तो अमेरिकेच्या अ‍ॅप स्टोअरवर विकत घ्यायच्या अ‍ॅपमध्ये पहिल्या क्रमांकावर होता. अंध माणसाला खेळता येणारा गेम डोळसही पैसे देऊन घेतात, याचं मला माहीत असलेलं हे सगळ्यात ठोस उदाहरण.

दोन वाटा, आणि कुठली धरायची

पहिली वाट मजकुराची: पत्ते, शब्दकोडी, प्रश्नमंजूषा, बुद्धिबळ, निवड करत पुढं जाणारी गोष्ट. यात खेळाडू आपल्या वेगानं विचार करतो आणि फोनचा स्क्रीन रीडरच सगळं वाचतो. काम कमी आणि धोकाही कमी. पहिलाच गेम असेल तर हीच वाट धरा.

दुसरी वाट आवाजाची: धावणं, नेम धरणं, क्रिकेट. इथं क्षणाला महत्त्व असतं, स्क्रीन रीडरचं बोलणं मध्ये येतं, आणि बोटाच्या खुणाही गेमला स्वतः ओळखाव्या लागतात. कष्ट तिप्पट. मी ही वाट घेतली ती क्रिकेटच्या मोहानं, आणि एका चांगल्या कारणानं: या खेळाचे आवाजातले नियम लोकांनी आधीच बसवून ठेवले आहेत.

अंधांचं क्रिकेट कधी मैदानावर जाऊन ऐका. त्याचा पहिला विश्वचषक १९९८ मध्ये दिल्लीत झाला. चेंडू टणक प्लॅस्टिकचा, आत छर्रे, त्यामुळे तो घरंगळताना खुळखुळतो. गोलंदाजी हात खालून, चेंडू सरपटी. गोलंदाज विचारतो "रेडी?", फलंदाज "येस" म्हणतो, मग गोलंदाज "प्ले" म्हणत चेंडू सोडतो. बी१ म्हणजे पूर्ण अंध गटातल्या फलंदाजाची प्रत्येक धाव दुप्पट मोजतात. बरेच फलंदाज गुडघ्यावर बसून स्वीप मारतात, कारण चेंडू जमिनीलगत येतो. यातला एकही नियम मला शोधावा लागला नाही. तुमच्या गेमसाठीही असाच शोध घ्या: अंध माणसं तो खेळ प्रत्यक्षात कसा खेळतात? बुद्धिबळात काळी घरं उंच असतात, सोंगट्या भोकांत बसवतात, आणि खेळाडू आपली खेळी मोठ्यानं सांगतो. बोलून सांगायची ती खेळी म्हणजे तुमच्या अ‍ॅपमधलं अर्धं संभाषण आयतंच तयार.

आवाजाचं मैदान आखताना

प्रत्येक आवाजाला एकच अर्थ द्या, आणि आवाज ऐकल्याबरोबर तो अर्थ कळला पाहिजे. माझ्या पहिल्या आराखड्यात प्रेक्षकांचा गलका, पक्षी, वारा, पार्श्वसंगीत सगळं होतं. ऐकायला ते छान वाटायचं, पण चेंडूचा खुळखुळाट त्यात बुडून जायचा. आता चेंडू हातातून सुटला की गलका एकदम खाली येतो आणि फटका बसला की परत चढतो. मैदानावरही माणसं चेंडू पडेपर्यंत श्वास रोखूनच असतात, त्यामुळे हे कुणाला कृत्रिम वाटलं नाही.

डावं-उजवं दाखवणं सोपं असतं. एका कानात आवाज मोठा करा आणि दुसऱ्या कानात किंचित उशिरा पोचवा. खऱ्या जगात हा फरक फार तर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दोन तृतीयांश इतकाच असतो, तरी मेंदू तेवढ्यावरून दिशा ओळखतो. समोर की मागं हे मात्र अवघड आहे, हेडफोनमध्ये तर कान हमखास फसतो. म्हणून मागून येणाऱ्या आवाजातली तीक्ष्णता कापून तो दबका करा. आणि शक्य असेल तर गेमचा निकाल पुढं-मागं ओळखण्यावर ठेवूच नका. उंचीसाठी स्वर वापरा: चेंडू वर उडाला की पट्टी चढते, खाली आला की उतरते. हे शिकवावं लागत नाही.

अंतर दाखवायचं तर नुसता आवाज लहान-मोठा करून भागत नाही. बसच्या गोंगाटात लहान-मोठं कळत नाही. मी खुळखुळाटाचा वेग वाढवत नेला, चेंडू जवळ येईल तसे छर्रे दाट वाजतात. पहिल्या पातळीवर चेंडू सुटल्यापासून बॅटपर्यंत यायला १.८ सेकंद लागतात, सगळ्यात अवघड पातळीवर ०.९. हे आकडे कागदावर ठरवलेले नाहीत, सहा जणांना खेळवून निघालेले आहेत.

आता हेडफोनचं वास्तव. रस्त्यावर, स्टेशनवर, बसमध्ये अंध माणूस दोन्ही कान बंद करत नाही. एक कान जगासाठी मोकळा ठेवावाच लागतो. काहींना एकाच कानानं ऐकू येतं. तेव्हा 'एक कान' अशी सोय द्या. त्यात डावीकडचा चेंडू खालच्या पट्टीत आणि उजवीकडचा वरच्या पट्टीत वाजू द्या. माझ्या मित्रानं ही सोय मागितली तेव्हा मला ती किरकोळ वाटली होती. प्रत्यक्षात चाचणीतल्या निम्म्या लोकांनी तीच चालू ठेवली.

ब्लूटूथचा उशीरही धरून चला. वायरलेस इअरफोनमध्ये आवाज पाव सेकंदापर्यंत उशिरा पोचू शकतो, आणि ०.९ सेकंदाच्या चेंडूवर पाव सेकंद म्हणजे त्रिफळा. पहिल्यांदा गेम उघडल्यावर एक छोटी चाचणी ठेवा: टिक ऐकू आली की टॅप करा, दहा वेळा. त्यातून जी सरासरी निघेल तेवढी सूट फटक्याच्या वेळेला द्या.

कंपनं जरूर वापरा, पण कुठलीच माहिती फक्त कंपनातून देऊ नका. स्वस्त फोनची कंपनं इतकी ढोबळ असतात की चौकार आणि षटकार सारखेच थरथरतात.

मराठी बोलणारा फोन

बहुतेक अंध खेळाडू स्क्रीन रीडर इतक्या वेगानं चालवतात की आपल्याला त्यातला शब्दही कळत नाही. हा सरावाचा वेग आहे आणि तो त्यांचा आहे. म्हणून मेनू, गुण, सूचना हे सगळं स्क्रीन रीडरलाच वाचू द्या. माणसाच्या आवाजातलं रेकॉर्डिंग समालोचनापुरतं ठेवा, आणि ते एका टॅपनं तोडता आलं पाहिजे. मी दीड मिनिटाचं स्वागत रेकॉर्ड केलं होतं. सगळ्यांनी पाचव्या सेकंदाला पुढं जायची वाट शोधली.

मराठीचे काही खास प्रश्न आहेत, कुठल्याही परदेशी मार्गदर्शिकेत ते सापडणार नाहीत. पहिला, आवाजाचा. अनेक जण फोनवर इंग्रजी किंवा हिंदी आवाज ठेवतात. तुमच्या मजकुराला भाषेची खूण लावली नसेल तर देवनागरी मजकूर चुकीच्या उच्चारात वाचला जातो, किंवा गाळलाच जातो. मजकूर मराठी आहे हे कोडमध्ये सांगायची सोय अँड्रॉइड आणि आयओएस (आयफोनची प्रणाली) दोन्हीत आहे, ती प्रत्येक मजकुराला लावा. फोनवर मराठी आवाज बसवलेला नसेल तर पहिल्याच पडद्यावर तसं सांगा, आणि हे सांगणं हिंदी-इंग्रजीतही असू द्या.

दुसरा, लिखाणाचा. धावफलकावर '१२०/६' छान दिसतं, पण वाचताना मध्ये 'स्लॅश' येतो नाहीतर भागाकार होतो. पडद्यावर हवं ते दाखवा, लेबलमध्ये, म्हणजे स्क्रीन रीडरनं वाचायच्या मजकुरात, मात्र '१२० धावा, ६ बाद' लिहा. 'रु.' लिहू नका, 'रुपये' लिहा. शोभेच्या इमोजी काढून टाका, स्क्रीन रीडर प्रत्येकीचं नाव वाचत बसतो. मराठी वाक्यात इंग्रजी शब्द आला तर तो देवनागरीतच लिहा. 'ओव्हर' हा शब्द रोमन लिपीत आला की मध्येच आवाज बदलतो किंवा उच्चार तुटतो.

तिसरा, आकड्यांचा. वेग वाढवलेल्या आवाजात 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' यांतला फरक निसटतो. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात संख्या 'वीस एक' अशा पद्धतीनं वाचायला आली तेव्हा मोठा वाद झाला होता. त्या वादात मला पडायचं नाही, पण कानावर विसंबून खेळणाऱ्याला 'साठ नऊ' लगेच कळतं हे मी पाहिलं आहे. मी तीन पर्याय दिले: नेहमीचे मराठी आकडे, फोड करून, आणि इंग्रजी. कॉलेजमधल्या मुलांनी जवळपास सगळ्यांनी इंग्रजी निवडले.

बोलण्याची रांगही ठरवून घ्या. 'आउट!' हे शब्द चालू वाक्य तोडून आले पाहिजेत. 'पुढचा चेंडू' ही सूचना आधीचं बोलणं संपेपर्यंत थांबली तरी चालते. प्रत्येक सूचनेला 'तोडून' किंवा 'थांबून' असा शिक्का लावा. शिवाय शेवटची सूचना पुन्हा ऐकायची एक खूण हवीच, कारण बाजूनं ट्रक गेला की वाक्य गेलं.

बोटं आणि कोड

गेम इंजिनमध्ये (युनिटी, गोडो अशा गेम बनवायच्या तयार सॉफ्टवेअरमध्ये) केलेला पडदा स्क्रीन रीडरच्या दृष्टीनं एक कोरं पान असतं. त्यावरची बटणं त्याला दिसावीत म्हणून वेगळी रचना सांगावी लागते. युनिटी ६ मध्ये मोबाइलच्या स्क्रीन रीडरसाठी अशी रचना देण्याची सोय आहे. गोडो ४ मध्ये फोनच्या आवाजातून थेट बोलता येतं. पत्ते किंवा शब्दखेळ करणार असाल तर इंजिन वापरूच नका, अँड्रॉइड आणि आयओएसची स्वतःची बटणं वापरा. निम्मं काम आपोआप होतं.

आवाजाच्या खेळात खरी अडचण खुणांची. स्क्रीन रीडर चालू असताना झटका, टॅप, ओढणं हे सगळं आधी त्याच्याकडं जातं, गेमकडं येतच नाही. आयओएसमध्ये पडद्याच्या एखाद्या भागाला 'डायरेक्ट टच' देता येतो, त्या भागातला स्पर्श सरळ गेमला मिळतो. मैदान तेवढं डायरेक्ट टच करा, वरची 'थांबा' आणि 'मेनू' ही बटणं मात्र नेहमीसारखी ठेवा, नाहीतर खेळाडू आत अडकतो. अँड्रॉइडवर इतकी सरळ सोय नाही. काही गेम टॉकबॅक बंद करायला सांगतात, म्हणजे आवाजाची दोन्ही बटणं धरून ठेवायची, खेळायचं, मग परत चालू करायचं. मध्ये फोन आला तर माणूस हवालदिल. त्यापेक्षा टॉकबॅकच्या चौकटीतच बसेल असा खेळ आखा. टॉकबॅक चालू असताना बोट फिरवलं की अ‍ॅपला 'होव्हर'च्या घटना, म्हणजे बोट कुठं आहे आणि कधी उचललं याच्या खबरा, मिळतात. मी मैदानाचे तीन उभे पट्टे केले: ऑफ, सरळ, लेग. बोट पट्ट्यावर ठेवून वाट पाहायची आणि चेंडू आला की उचलायचं. बोट उचलणं म्हणजे फटका. माझ्या गेममधली ही सगळ्यात चांगली कल्पना, आणि ती टॉकबॅकच्या मर्यादेतूनच निघाली.

पडदा पूर्ण काळा ठेवू नका. अंध म्हणवणाऱ्या अनेकांना थोडं दिसतं. काळ्यावर पिवळी मोठी अक्षरं, आणि घरातल्या डोळस भावंडाला सोबत खेळता येईल इतकं चित्र असू द्या.

बारा जण, चौदा दिवस

गूगल प्लेवर नवीन वैयक्तिक खातं असेल तर गेम सगळ्यांसाठी खुला करण्याआधी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस बंद (निवडक लोकांपुरत्या) चाचणीत असावं लागतं. लोक हा नियम ओळखीच्यांच्या फोनवर अ‍ॅप टाकून उरकतात. तुम्ही या बारांतले किमान आठ अंध खेळाडू घ्या. दोन आयफोनवाले वेगळे. एक तरी साठीच्या पुढचा, एक तरी नुकतीच दृष्टी गेलेला, आणि तीन तरी स्वस्त फोनवाले. नॅब (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड), पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन, मुंबईत झेवियर्स कॉलेजमधलं रिसोर्स सेंटर अशा ठिकाणी जाऊन स्वच्छ शब्दांत विचारा: काम काय, किती तास, मानधन किती. मानधन द्यायचंच. हे तुमच्या गेमवरचं तज्ज्ञ काम आहे.

शेजारी बसा आणि गप्प बसा. 'तिथं उजवीकडे बघा' असं तोंडावर आलं तरी गिळा. माणूस कुठं थबकतो, कुठं पुन्हा पुन्हा तेच ऐकतो, ते वहीत लिहा. माझ्या वहीत पहिल्या दिवशी ३१ नोंदी झाल्या. त्यातल्या १९ नुसत्या लेबलच्या होत्या, दोन तासांत सुटल्या.

किंमत

'अंधांसाठी आहे ना, मग फुकट द्या.' हे मला अनेकांनी सांगितलं. त्यात एकही अंध नव्हता. माझ्या मित्राचं म्हणणं वेगळं होतं: "फुकटचे गेम सहा महिन्यांत बंद पडतात. अपडेट येत नाही, फोन बदलला की चालत नाहीत. पैसे घे, पण चालू ठेव." 'पापा सांग्रे'ला ब्रिटनच्या चॅनल ४ वाहिनीच्या एका निधीचा आधार होता, तो गाजला, त्याचा पुढचा भागही आला. आज ते दोन्ही अ‍ॅप स्टोअरवर मिळत नाहीत. गेम करायला एकदा पैसा लागतो, जिवंत ठेवायला दरवर्षी लागतो, आणि तो किमतीतूनच यावा लागतो.

जाहिराती आधीच बाद करा. पूर्ण पडद्याची जाहिरात आली की तिचा आवाज स्क्रीन रीडरवर चढतो, आणि बंद करायच्या फुलीला बहुतेक वेळा लेबलच नसतं. खेळाडू बोट फिरवत राहतो, चुकून जाहिरातीवरच टॅप होतो आणि दुसऱ्याच अ‍ॅपमध्ये जाऊन पडतो. त्या जाहिरातीची रचना तुमच्या हातात नसते, त्यामुळे तुम्ही ती दुरुस्तही करू शकत नाही.

आधी पैसे, मग डाउनलोड, हेही नको. पडद्याची चित्रं बघून अंध माणसाला काही कळत नाही. गेम खेळता येतो की नाही हे उघडून बघितल्यावरच समजतं, आणि 'सगळ्यांसाठी सोयीचा' असं लिहिलेल्या गेमनी तो आधी फसलेला असतो. नाण्यांच्या थैल्या, म्हणजे पैसे देऊन घ्यायची गेममधली नाणी, पत्त्यांच्या खेळात चालतात, पण मला ती वाट आवडत नाही. नाणी संपली की खेळ थांबतो, आणि ज्याच्याकडं करमणुकीचे पर्याय आधीच कमी आहेत त्याच्या सवयीवर आपण कमावत असतो. महिन्याची वर्गणी तेव्हाच घ्या, जेव्हा दर महिन्याला तुम्ही नवीन काही देता किंवा ऑनलाइन सामन्यांचा सर्व्हर चालवता.

उरतं ते सरळ गणित: सुरुवात मोफत, मग एकदाच पैसे आणि पूर्ण गेम कायमचा. अमेरिकेतल्या ब्लाइंडफोल्ड मालिकेनं याच धाटणीवर डझनावारी गेम काढले. मोफत भाग खरा असावा. माझ्या गेममध्ये संपूर्ण सराव आणि पाच षटकांचे दहा सामने मोफत आहेत. तेवढ्यात माणसाला कळतं की आपल्या फोनवर, आपल्या कानाला हे जमतंय की नाही.

आता आकडे. हे एक उदाहरण आहे, तुमचे आकडे तुम्ही घाला. ५०० तासांचं काम, तासाला ५०० रुपये धरले तर २,५०,०००. समालोचन आणि ध्वनी ५०,०००. बारा जणांचं मानधन प्रत्येकी १,५०० प्रमाणे १८,०००. अ‍ॅपलची वर्षाची फी ९९ डॉलर, गूगलची एकदाच २५ डॉलर आणि चाचणीला एक स्वस्त फोन, मिळून २२,०००. एकूण ३,४०,०००.

गेमची किंमत ९९ रुपये ठेवली आणि त्यात १८ टक्के जीएसटी धरला, तर मूळ रक्कम उरते सुमारे ८४. दोन्ही दुकानं (गूगल प्ले आणि अ‍ॅपलचं अ‍ॅप स्टोअर) मोठ्या कंपन्यांकडून ३० टक्क्यांपर्यंत कापतात, पण वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत कमावणाऱ्या छोट्या विकसकाला १५ टक्क्यांचा दर आहे. अ‍ॅपलकडं त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, तो विसरू नका. १५ टक्के गेल्यावर हातात ७१ रुपये. ३,४०,००० भागिले ७१ म्हणजे सुमारे ४,८०० ग्राहक. मोफत खेळणाऱ्यांतले शंभरात पाच जण विकत घेतील असं धरलं तर ९६ हजार डाउनलोड हवेत.

२०११ च्या जनगणनेत देशात दृष्टीचं अपंगत्व असलेल्यांची नोंद ५० लाखांच्या वर आहे. पण त्यातले स्मार्टफोन वापरणारे, त्यातले मराठी, त्यातले गेम खेळणारे असं गाळत गेलात तर ९६ हजार हा आकडा फक्त मराठीवर गाठता येणार नाही. किंमत २९ वर आणून हा प्रश्न सुटत नाही, उलट तिपटीहून जास्त ग्राहक लागतात. मी तीन गोष्टी केल्या.

एक, देशानुसार किंमत. दोन्ही दुकानांत तशी सोय आहे. भारतात ९९ रुपये, अमेरिका-युरोपात ४.९९ डॉलर. डॉलर ८५ रुपये धरला तर तिकडच्या एका विक्रीतून ३६० रुपये येतात. तिकडं ५०० जणांनी घेतला की १,८०,००० निघाले, आणि इथं लागणारे ग्राहक ४,८०० वरून सव्वादोन हजारांवर आले. त्यासाठी इंग्रजी आवृत्ती पहिल्या दिवसापासून हवी. मराठी गेम इंग्रजी ग्राहकाच्या आधारावर उभा राहतो, यात मला काही गैर वाटत नाही.

दोन, तोच सांगाडा पुन्हा वापरणं. बोलण्याची रांग, आकड्यांचे पर्याय, ब्लूटूथची चाचणी, पैशांचा पडदा हे एकदाच लिहिलं. दुसऱ्या गेमला ५०० ऐवजी दोनशे तास लागले.

तीन, डोळसांसाठीही उघडं दार. रात्री दिवा मालवून, डोळे मिटून खेळायचं क्रिकेट म्हणून अनेकांनी तो घेतला.

शिवाय सांभाळायचा खर्च. वर्षाला ६० तास आणि अ‍ॅपलची फी मिळून ३८-३९ हजार होतात, म्हणजे दरवर्षी साडेपाचशे नवे ग्राहक फक्त गेम चालू राहण्यासाठी. हा आकडा पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. जीएसटीची नोंदणी आणि परदेशातून येणाऱ्या पैशांची कागदपत्रं सीएकडून समजून घ्या.

एका बाबतीत मी तडजोड मानत नाही. स्क्रीन रीडरची सोय, 'एक कान', मोठी अक्षरं, वेग कमी करणं यांतलं काहीही पैशांच्या मागं ठेवायचं नाही. पैसे जास्त सामन्यांचे, जास्त मैदानांचे, जास्त संघांचे घ्या.

पैसे भरायचा पडदा

घ्यायची इच्छा असलेला ग्राहक इथं सहज गमावला जातो. माझ्या चाचणीत एका काकूंना गेम घ्यायचा होता, पण 'विकत घ्या' आणि 'नंतर' ही दोन्ही बटणं एकाच चौकटीत बांधली गेल्यामुळं टॉकबॅक त्यांना एकच बटण समजत होता. त्यांनी तीनदा प्रयत्न केला आणि तीनदा परत मेनूवर आल्या.

बटणाचं लेबल असं असू द्या: 'पूर्ण गेम उघडा, ९९ रुपये, एकदाच भरायचे'. किंमत हातानं लिहू नका, दुकानाकडून येणारी घ्या, म्हणजे दुबईतल्या मराठी माणसाला दिरहममध्ये ऐकू येईल. खाली काय मिळणार ते दोन वाक्यांत. 'नंतर' हे बटण तितकंच सहज सापडावं. 'आधी घेतलेलं परत मिळवा' हे बटण हवंच, फोन बदलल्यावर तेच लागतं. यूपीआयनं पैसे देताना माणूस दुसऱ्या अ‍ॅपमध्ये जाऊन परत येतो, तेवढ्यात जुन्या फोनवर तुमचा गेम मागच्या मागं बंद पडू शकतो. परत आल्यावर सामना जिथं होता तिथंच सापडला पाहिजे आणि 'पैसे मिळाले, पूर्ण गेम उघडला आहे' हे वाक्य आपणहून ऐकू आलं पाहिजे. नुसती हिरवी टिकली दाखवलीत तर माणूस पुन्हा पैसे भरायला जातो.

दुकानात मांडताना

वर्णनाच्या पहिल्या ओळीत साफ लिहा: टॉकबॅक आणि व्हॉइसओव्हरसह पूर्ण खेळता येतो, हेडफोन लागतो की नाही, काय मोफत, किती पैसे. अ‍ॅप स्टोअरवर आता अ‍ॅपमधल्या सुलभतेच्या सोयी जाहीर करायची जागा आहे. तिथं व्हॉइसओव्हरवर खूण करण्याआधी गेम सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यानं खेळून बघा. गेमच्या आवाजाची एक मिनिटाची झलक द्या. चाचणी करणाऱ्यांना पूर्ण गेम कायमचा मोफत द्या, आणि त्यांची परवानगी असेल तर श्रेयनामावलीत नाव घाला.

यानंतर सगळ्यात जास्त नुकसान अपडेट करतं. नवीन चित्र टाकलं, बटण हलवलं, कुठल्या तरी लायब्ररीची (दुसऱ्यानं लिहिलेल्या तयार कोडची) आवृत्ती बदलली, आणि लेबल गेलं. डोळस माणसाला फरक दिसत नाही, पण पैसे भरलेला खेळाडू दारातच अडतो. माझ्याकडं एकदा असं झालं आणि दोन दिवसांत नऊ जणांनी कळवलं. त्यानंतरची रीत अशी: अपडेट चढवायच्या आदल्या रात्री टॉकबॅक लावायचा, पडदा झाकायचा, अ‍ॅप काढून टाकून नव्यानं बसवायचं, सराव, एक पूर्ण सामना, पैशांचा पडदा, परत मेनू. मग हेच सगळं आयफोनवर. पंचवीस मिनिटं लागतात. एका जरी ठिकाणी फोन नुसतं "बटन" म्हणाला, तर अपडेट चढवायचं नाही.